ओढ आणि ओढणी

मंगळवार संध्याकाळ, अनसिंग

सापडलं एकदाचं! काल दहावीच्या वर्गात मी सांगितलं, निसर्गातल्या चार बलांत गुरुत्वाकर्षण सर्वांत कमजोर. तर पूजा उठून म्हणाली, "मॅडम, कोरड्या विहिरीत पडलं का मानूस मरते. मंग ते कमजोर कसं?" "सांगते" म्हणून मी पुढचं शिकवत राहिले. पण तिचा प्रश्न रात्रभर सलत होता.

आज शेतात थ्रेशरजवळ उभी होते. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतून उडणारा भुसा, माझ्या नायलॉनच्या ओढणीला चिकटलं. कितीही झटका, निघेना. सासूबाई म्हणाल्या, "काहून झटकून राह्यली? ते काही सोडत नाही."

हात तिथंच थांबला. खालून अख्खी पृथ्वी त्या कुटाराला ओढतेय आणि अंगावर घासून वीज आलेली एवढीशी ओढणी तिला हरवतेय. हे विद्युतबल. अणुकेंद्र बांधणारं बल तर याहून दांडगं. आणि अणुकेंद्रातलंच, नावानं क्षीण असलेलं चौथं बलसुद्धा गुरुत्वापेक्षा जोरदार!

मग विहीर? अगं पूजा, पडणं मारत नाही, तळाचा खडक मारतो. माणसाला तेवढा वेग द्यायला गुरुत्वाला सगळी विहीर लागते. खडक तोच वेग क्षणात थांबवतो, म्हणजे त्याचा जोर कितीतरी जास्त. आणि खडक घट्ट ठेवणारं बल कोणतं? ओढणीवालंच.

सासूबाई म्हणाल्या, "ओढणी धुवाले टाक." नाही टाकली. उद्या कुटारासकट तीच घालून वर्गात जाणार.