शिजवलेली चालेल, पेल्यातली नाही

आई,

हे काही बरोबर नाही तुझं! सुपात शिजवलेली वाइन चालेल, पेल्यातली चालणार नाही, एवढा निकाल दिलास आणि निघून गेलीस. आणि तोंडात घेऊन थुंकली तर? त्याचं कोण सांगणार? तुला जाऊन तीन महिने झाले, आता विचारू कुणाला?

पत्र लिहायची मला सवय नाही. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पण आज दुपारी हॉटेलात जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. सुमीला सांगितलं तर लगेच रडायला लागेल, तुला माहीत आहे तुझी लेक. म्हणून तुलाच लिहितोय.

आठवतं, चंदगडच्या स्टँडवर गाडी लागली होती आणि तू माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास? "घे शपथ. दारूला शिवणार नाहीस. एक घोट घेतलास की तूही आप्पाच." कंडक्टर बघत होता. मला लाज वाटत होती. घाईघाईत घेतली शपथ. आप्पा तेव्हा घरी पडून होते. पोरगा बेंगलोरला चालला तरी उठले नाहीत.

इथे येऊन किती कामं सोडली मी! हेब्बाळला वॉचमन, इलेक्ट्रॉनिक सिटीत कँटीन, कुठे पाय टिकला नाही. जयनगरच्या या हॉटेलात टिकलो तो कांद्यामुळे. मंद आचेवर कांदा परतत बसायचं, गुळासारखा रंग येईपर्यंत. हात हलता राहिला की माझं डोकं गप्प बसतं. मग त्यात पांढरी वाइन, कोंबडीचं पाणी, वर पाव आणि चीज. फ्रेंच लोकांचं सूप. फोनवर किंमत सांगितली तर केवढी हसलीस! "कांद्याच्या पाण्याचे चारशे रुपये? आणि खाणारी माणसं शहाणी आहेत?"

वाइनचं ऐकलंस आणि हसणं थांबलं. मीठ बघायला मला चमचाभर चाखावंच लागतं, म्हटलं. तू फोन ठेवून दिलास. दोन दिवसांनी स्वतःच केलास. "शिजवलेली चालेल. विस्तवावर तिचा जीव जातो. पेल्यातली नाही." जशी काय कोर्टात बसली होतीस!

आज आमच्या शेफनी तीन बाटल्या उघडल्या. या सुपाबरोबर कुठली वाइन द्यायची ते ठरवायचं होतं. सूप तू करतोस, तूही सांग, म्हणाले. जमलं तर पुढच्या महिन्यापासून मला किचनच्या बाहेर, गिऱ्हाइकांसमोर, वाइन सुचवायच्या कामावर घेणार. मी म्हटलं, मी पीत नाही.

"पीने को कौन बोल रहा है? चख, और थूक दे."

भांडी घासणारा मंजू मागून हसतोय, "स्वल्प तगो अण्णा, एनू आगल्ला!" थोडी घे, काही होत नाही म्हणे. त्याला काय माहीत आपल्या घरात काय काय झालं!

घेतली. आई, घेतली मी.

पहिली लाल. सुपापुढे नुसती तुरट, जीभ कोरडी पडली. थुंकली. दुसरी गोड होती. कांदा आधीच गोड, त्यावर आणखी गोड कशाला? तीही थुंकली. तिसरी पांढरी, थंड, आंबट. चीजचा तेलकटपणा तिने धुऊन काढला आणि कांदा पुन्हा जिभेवर आला. तू माशाच्या आमटीत आमसोल टाकायचीस ना, तसं काहीतरी. "ये वाली," मी म्हणालो. शेफ म्हणाले, "देखते हैं." त्यांचा जीव लाल बाटलीवर होता, ती महाग.

पण ती थुंकायच्या आधी मी थांबलो होतो. मला आवडली, आई. गिळावीशी वाटली. थुंकली, पण पेला खाली ठेवायला हात होईना. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तेव्हा एकदम आप्पा आठवले. त्यांना रोज संध्याकाळी असंच होत असेल? आणि आपण त्यांना नुसत्या शिव्याच दिल्या?

रागावू नकोस, पण एक विचारतो. मी शपथ पाळत होतो, तरी तू गेलीसच ना?

सुमी सांगते, तुझ्या तेराव्यापासून आप्पांनी घेतलेली नाही. दिवेलागणीला उंबऱ्यावर बसतात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तू असताना एक दिवस तरी असे बसले असते! बघायला तू हवी होतीस, आणि बघतेय कोण, तर सुमी आणि कुत्रं.

आता ऐक. कामापुरती तोंडात घेईन, घशाखाली जाऊ देणार नाही. हात ठेवायला तुझं डोकं नाही, म्हणून माझ्याच गळ्याची शपथ. आणि आप्पांच्या हातात पैसा द्यायचा नाही हा तुझा नियम मी या महिन्यापासून मोडतोय. आपल्या आळीतला पांडू इथेच कामाला आहे, तो उद्या गावी चाललाय. त्याला बजावलंय, सुमीकडे नाही, आप्पांच्याच हातात दे, रोख, आणि काय करणार म्हणून विचारू नको. सात हजार रुपये.

तुझा,
संतू