सात फुटांची फळी

मरोळ, ३ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. वनमालाताईस, धाकट्या जयवंतचा शि. सा. न. वि. वि.

ताई, नोकरी सोडली. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर स्वतःचं ऑफिस थाटलंय. दोन ड्रॉइंग बोर्ड, मी आणि ड्राफ्ट्समन सहदेव. दारावरची पाटी त्यानेच रंगवली.

कारण ऐक. श्यामसुंदरसाहेबांच्या मुलुंडच्या नव्या घराचा नकाशा मी चार महिने खपून काढला. साहेबांनी ट्रेसिंगवरचं माझं नाव ब्लेडने खरवडलं, स्वतःचं घातलं आणि वर त्या नकाशावर स्पर्धेत बक्षीस घेतलं. मी समोर बसून टाळ्या वाजवल्या! सहा वर्षं राबलो त्या माणसाकडे. आता एकच हवंय. चार माणसांत त्याने कबूल करावं की काम जयवंतचं होतं.

आणि गंमत म्हणजे त्या नकाशात माझीच एक चूक आहे. दिवाणखाना ऐसपैस करण्याच्या नादात जिना आवळला गेला. वळणावर सात फुटांची आडवी फळीसुद्धा फिरणार नाही. सुधारणार होतो, तेवढ्यात ब्लेड चाललं. आता मी चूप. बांधू दे त्याला, नि होऊ दे शोभा.

भाओजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा जयवंत

कणकवली, १२ फेब्रुवारी १९८४

चि. जयवंत यास अ. उ. आ.

ऑफिसची बातमी वाचून शेजारी पेढे वाटले. राग मलाही आला. त्या माणसाचे हात झडोत, असं तोंडातून गेलंसुद्धा. पण जिन्याचं वाचलं आणि आपली घाटकोपरची चाळ डोळ्यांसमोर आली. बाबांना वरून खाली आणताना वळणावर आडवं नेता येईना. शेवटी चादरीत बांधून, उभं धरून उतरवलं. बारा वर्षांचा होतास तू. कठडा धरून ओरडत होतास, की बाबांना असं नेऊ नका. म्हणूनच तर तू कुठल्याही घरात आधी जिना मोजतोस.

त्या मुलुंडच्या घरात साहेबांच्या आई, पार्वतीआईही राहायला जाणार ना? लेकाच्या ऑफिसात सहा वर्षं तुझाही डबा पाठवणारी बाई ती. मेल्या, एक पोस्टकार्ड टाक. हवं तर खाली सही करू नकोस.

तब्येत सांभाळ, नि माझं ऐक.
तुझी ताई

मरोळ, २७ मे १९८४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पोस्टकार्ड लिहिलं आणि फाडलं. माझं नाव खोडताना त्याचा हात थरथरला नाही, मग मीच का हळवं व्हावं?

ऑफिस झकास चाललंय. अंधेरीच्या एका सोसायटीचं काम मिळालं, आणखी दोन ड्राफ्ट्समन घेतले. आमच्याकडे एक नियम आहे. पुठ्ठ्याची मापात कापलेली फळी नकाशातल्या प्रत्येक जिन्यावरून फिरवायची, आणि बांधकाम झालं की खरी फळी घेऊन सहदेव आणि मी चढून-उतरून बघणार. जिने बघावेत तर जयवंतचे, असं भाऊराव कंत्राटदार सांगत फिरतात.

मुलुंडच्या जिन्याचं काँक्रीट पडलं, हेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी मी सगळ्या ऑफिसला मिसळ खाऊ घातली. हवं तेवढं रागव.
जयवंत

मरोळ, ९ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

परवा सकाळी पार्वतीआई गेल्या. कळल्याबरोबर मुलुंडला गेलो.

दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. तिरडी खाली अंगणात बांधलेली. त्यांना फळीवर निजवून चौघांनी उचललं, डोक्याकडे मी होतो. वळणावर फळी अडली. कितव्या पायरीवर अडणार हेसुद्धा मला ठाऊक होतं. पुढे-मागे केलं, तिरकी केली, त्यांच्या लुगड्याला भिंतीचा चुना लागला. मग कुणीतरी चादर आणायला सांगितलं. आम्ही त्यांना उभं धरून उतरवलं, ताई. माझ्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं.

अंगणात सगळ्यांच्या देखत साहेबांनी माझा हात धरला. रडत म्हणाले की हा नकाशा याचा होता, नाव मी खोडलं. बांधताना हा असता तर आईला असं उतरवायची वेळ आली नसती, याने जिना आधी मोजला असता.

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

तेव्हा तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती, काँक्रीट पडण्याआधी एप्रिलात आलेलं दुसरं मी उघडलंच नव्हतं. आज उघडलं. आत जिन्याची चूक कळवणारं, सही नसलेलं, साहेबांच्या पत्त्याचं पोस्टकार्ड निघालं. मी फक्त पेटीत टाकायचं होतं.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने लिहू?
जयवंत