ओल्या मोज्यातली बियर

प्रिय मामा,

हे पत्र मी टाळत होतो, कबूल. आधी म्हटलं तेरावं होऊ दे. मग म्हटलं धुकं सरू दे. मग स्पितीला गेलो, तिथे थंडीनं पेनच चालेना, म्हणून कागद परत बॅगेत कोंबले. खरं सांगू? तुला पत्र लिहायचं म्हणजे तू समोर नाहीस हे धरून चालायचं. समोर असतास तर लिहिलं कशाला असतं, बोललोच असतो की!

पण आज लिहायलाच हवं. उद्या विक्की पाजीला एक उत्तर द्यायचंय आणि त्यासाठी मला तुझी जीभ पाहिजे.

विक्की पाजी म्हणजे आमच्या ब्रुअरीत बियर बनवणारा तो दाढीवाला, ज्याला तू ‘बियरचा हलवाई’ म्हणायचास. इतके दिवस मी त्याच्या हाताखाली टाक्या धुतल्या, ग्लास भरले. गेल्या महिन्यात त्यानं एक छोटी टाकी माझ्या हवाली केली. म्हणाला, “ले मराठे, अपनी बना.” मी बनवली, मामा! गव्हाची बियर, आणि त्यात आईनं कराडहून पाठवलेल्या ज्वारीच्या लाह्या. पाजी बघतच राहिला. “ओए, पिक्चर देखने आया है क्या? पॉपकॉर्न डाल रहा है!”

आता मालकाला ती एवढी आवडलीय की बोर्डावर सगळ्यात वर लावू म्हणतो. सगळ्यात महाग. पाजीनं मात्र मला बाजूला घेतलं. “तेरी बीयर है, तू बता. पक्का है तो कल लगा देंगे. नहीं है तो नाली में. मैं कुछ नहीं बोलूँगा.”

आणि मला सांगता येईना! किचनमधली सगळी पोरं ‘कडक है यार’ म्हणतात, पण ती फुकटात मिळालेल्या कशालाही कडकच म्हणतात. मला स्वतःला आवडते. पण घरच्या लाह्यांचा वास आला की मला काहीही आवडणार, त्याचं काय? लोकांनी इतरांपेक्षा जास्त पैसे टाकून प्यावी अशी ती आहे का? हे एकच मला कळत नाहीये. तू असतास तर एका घोटात सांगितलं असतंस. तोंडावर सांगितलं असतंस.

म्हणून आज तुझ्या गच्चीवर येऊन बसलोय. मामी बंगळुरूला मनूताईकडे गेल्यात, किल्ली माझ्याकडे आहे, कुंड्यांना पाणी घालायला. मनूताई अजून तशीच. मामी मराठीत विचारणार आणि ती हिंदीत उत्तर देणार. “मम्मी, आप अब यहीं रहो ना.” फोनवर मागून ऐकू येत होतं. मामी मला कुंड्यांचंच विचारत राहिल्या.

बाटली तुझ्याच मोज्यात घालून तारेला लटकवलीय. तुझा तो हवाई दलाचा राखाडी लोकरीचा मोजा! बाडमेरकडच्या पोस्टिंगवर शिकलेली तुझी विद्या. मोजा भिजवायचा, बाटलीला घालायचा, सावलीत वाऱ्यावर टांगायची आणि मग गप्पा मारत थांबायचं. घरात चांगला फ्रिज असताना! “फ्रिजमध्ये बियर मुकी होते रे. मोज्यातली बोलते,” असं म्हणायचास. मे महिन्यात लूच्या कोरड्या, गरम वाऱ्यात बाटली खरंच थंड व्हायची. जुलैच्या दमट हवेत मात्र ती चहासारखी लागायची, पण ते तू कधी मान्य केलंस का? “आज जरा कमी बोलतेय,” एवढंच म्हणायचास आणि पीत राहायचास.

मी नव्यानं ब्रुअरीत लागलो तेव्हा तुझ्यासाठी ताजी बियर बाटलीत भरून आणली होती, आठवतंय? इतकी महाग बियर तू जन्मात प्यायला नव्हतास. मी म्हटलं, मामा, ही लगेच फ्रिजमध्ये ठेव, ही जिवंत असते, यीस्ट असतं हिच्यात, उन्हाळ्यात फुगते. तू ऐकतोयस कुठला! घातलीस मोज्यात, टांगलीस, आणि आपण दोघे क्रिकेट बघत बसलो. मग धाडकन आवाज! झाकण उडून सगळी बियर खालच्या घरमालकीणबाईंच्या वाळत घातलेल्या रजयांवर. आभाळात ढग नाही आणि पाऊस कुठून पडला, म्हणून बीजी अंगणातून ओरडल्या, “फौजी साब! ए मींह किथों पै गया?” आणि तू कठड्यावरून वाकून, एकदम अदबीनं, “बीजी, इम्पोर्टेड मींह है जी. महँगा वाला.”

मोज्यात उरलेली दोन घोट बियर तू पेल्यात पिळून प्यायलास. पिळून! वर म्हणालास, “लोकरीची चव छान आहे, बाकी नेहमीचीच.”

तेव्हा मला राग आला होता. मी काही चोवीस तास नापास होणारा भाचा नव्हतो ना! चौतीस सेक्टरचा कोचिंग क्लास सोडला, टॅक्सी चालवली, कसोलला कॅफेत भांडी घासली, आणि शेवटी एका ठिकाणी टिकलो, तर तिथली पहिली बियर तू मोज्यातून पिळून पितोस? मग मी हट्टालाच पेटलो. दर रविवारी स्वयंपाकघरात दोन बाटल्या उघडायचो, एक तुझ्या फौजी कँटीनची, एक महागातली. स्टीलच्या पेल्यांत ओतायचो, म्हणजे रंग फार दिसायला नको, आणि वर आणून तुझ्यापुढे ठेवायचो. ओळख! खालून मामी कांदा घातलेले शेंगदाणे पाठवायच्या. स्वतः कधी वर आल्या नाहीत. जिन्यातूनच ताटली द्यायच्या.

तू काय चुकायचास रे! कँटीनची पिऊन “ही नक्की महाग, औषधासारखी लागते” आणि बेल्जियमची पिऊन “ही आपली गरीब बिचारी.” मी हसून लोळायचो. मग तू पेले अदलाबदल करून माझी परीक्षा घेतलीस, तेव्हा मीही चुकलो. तेव्हा तू नाही हसलास. म्हणालास, “महागातलीकडे आपण नीट लक्ष देऊन पितो, म्हणून ती भारी वाटते. तेवढं लक्ष दिलं तर नळाचं पाणीसुद्धा भारी लागेल.”

मी हे पाजीला सांगितलं होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, “तेरा मामा आधा सही है. फ्रिज से निकली एकदम ठंडी बीयर में ज़बान सो जाती है. बाकी आधा गलत है, अच्छा माल अच्छा होता है.” तुला हे सांगायचं राहूनच गेलं.

पण मला एक विचारायचंय. लक्ष दिल्यामुळेच चव येत असेल, तर तुझी ती कँटीनची कडू स्ट्राँग मला एवढी छान का लागायची? तिच्याकडे तर कुणाचंच लक्ष नसायचं. तू मिग विमानाचं इंजिन उघडून दाखवायचास, हवेतच, दोन्ही हातांनी, आणि मी ऐकता ऐकता पेला कधी संपवायचो कळायचं नाही. आता तीच बियर सतरा सेक्टरातल्या दारूच्या ठेक्यावरच्या तशाच बाटलीतली पिऊन बघितली. नुसती कडू. हे कसं काय, मामा?

इस्पितळात तू मास्क बाजूला करून विचारलंस, “आज काय लावलंयस बोर्डावर?” मी म्हटलं, नारंगी गव्हाची. तू डोळे मिटून जिभेवरून काहीतरी फिरवल्यासारखं केलंस. “काही कळत नाही रे. तोंडाला चवच नाही.” मला तेव्हा फार भीती वाटली. बाकी नळ्या, मशीन, डॉक्टरांचे चेहरे, कशाचीच नाही वाटली तेवढी.

आत्ता बाटली काढली. वारा बरा आहे, खूप थंड नाही, तुला हवी तशी. एक पेला ओतला. समोर ठेवलाय. दोनदा प्यायलो आणि दोनदा वेगवेगळं वाटलं. पहिल्यांदा वाटलं, वा! दुसऱ्यांदा वाटलं, सौम्या, तू आईच्या आठवणीचे पैसे लोकांकडून घेणार आहेस. खोटं तर बोलत नाहीये ना मी स्वतःशी? सांग की काहीतरी! नेहमी नको तेव्हा बोलायचास.

बरं, एवढं वचन देतो. बारपाशी उभं राहून कुणी विचारलं, “भैया, ये महँगी वाली सच में अच्छी है क्या?” तर मी मालकाकडे बघणार नाही. जे असेल ते सांगीन. माझी स्वतःची असली तरी सांगीन. आणि उद्या पाजीला खरं उत्तर देईन, मग ते

थांब. खाली फाटक वाजलं. बीजी कुणाशी तरी बोलतायत. कुणीतरी जिना चढतंय.

मामी! मामा, मामी आल्यात! पेन्शनच्या कामासाठी सही लागणार होती म्हणे, विमानानं आल्या, कुणाला कळवलंसुद्धा नाही. खांद्यावरची बॅगही न उतरवता वर गच्चीत उभ्या आहेत. मी पेला मागे लपवायला गेलो.

“लपवतोस काय? दे इकडे.”

“मामी, तुम्ही? ही बियर आहे.”

“माहितीय मला. दर रविवारी मला खाली एकटीला बसवून दोघं वर काय एवढं पीत होता, बघू तरी एकदा.”

पेला घेतलाय त्यांनी. एक घोट. अजून एक. कपाळावर आठी आलीय, मामा. खरीखुरी आठी! आता तुझ्यासारखंच तोंडावर काहीतरी सांगणार आहेत.

तुझा भाचा,
सौम्या