रोजचा एक डंख

१० मार्च
आले बाई एकदाची! ताईचं घर छोटंसं, दोन खोल्यांचं, पण लख्ख. मागच्या परसात मधाच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. भावोजी गेल्यापासून ती इथं एकटीच आहे. पेट्या विकायच्या, सामान बांधायचं आणि तिला घरी न्यायचं, असा बेत करून आलेय. माझी लेक चिमी माझ्या आईपाशी राहिलीय. निघताना कार्टीनं असं भोकाड पसरलं! तिची परीक्षा संपायच्या आत परत येते म्हणून शब्द दिलाय. मला वाटलं होतं, ताई रडून रडून अर्धी झाली असेल. कसलं काय, ही बया ठणठणीत!

१४ मार्च
ताईची एकेक तऱ्हाच. पेटी उघडण्याआधी एक माशी अलगद चिमटीत धरते आणि आपल्या मनगटावर टेकवते. रोजचा एक डंख. अंगाला सवय झाली की भय नाही, म्हणते. आज मीही घेतला. आई गं, तारे चमकले! हात टम्म फुगलाय, पेन धरवत नाही. ताई हसली नाही, नुसती बघत राहिली.

९ एप्रिल
मध काढला. बोटं चाटूनच पोट भरलं. डंख आता मुंगी चावल्यागत वाटतो. चिमीचा फोन आला. कधी येतेस, कधी येतेस, एकच धोशा. मला भरून आलं. पण ताई म्हणते, फुलोरा सरू दे, मग निघू.

२ जुलै
बाहेर फुलं नाहीत, म्हणून माश्यांना साखरेचं पाणी ठेवतो. शेगडीवरून पातेलं उतरवताना तळहात भाजला. ताईनं फोड दाखवला तेव्हा मला कळलं. चिमी फोनवर हमसून हमसून रडली. मी ऐकत होते. आता रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

३ जुलै
ताईला विचारलंच. ती म्हणाली, भावोजी गेले त्या दिवसापासून डंख वाढवले. तेव्हापासून काही दुखत नाही. त्यांची आठवणही नाही. आजपासून डंख बंद. ती आली तर ठीक, नाहीतर मी एकटी जाईन.

५ जुलै
सगळं एकदम अंगावर आलं. फोड, मनगट, चिमी. जीव नकोसा झाला. संध्याकाळी मीच ताईपुढे हात केला.

२१ ऑक्टोबर
आता मानेवरही घेते. ताई उठत नाही. तिचा पाय काळा पडलाय, वास येतो. दुखत नाही म्हणते. फोन वाजतो. वाजू दे —

१६ डिसेंबर
ताई गेली. थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात, तशा तिच्या अंगावर बसल्यात. मी चहा केला. प्यायले.

१९ डिसेंबर
आई चिमीला घेऊन आली. आई ताईच्या खोलीत गेली — ओरडतेय. चिमी माझ्या कमरेला बिलगलीय. घट्ट असावी. मला कळत नाही. ती रडतेय, आई चल, आई चल — किती सोसलं पोरीनं. डाव्या चिमटीत माशी धरलीय. पहिल्यांदा दुखतं, मग काही नाही. हात दे, चिमे. ओढू नकोस. एकच —