शगुनाचे आकडे

४ सप्टें. २००६, अकोला
ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांची कॉम्प्युटरची लाइन आमच्या राऊटरमधून जाते. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ती यादी आज नव्याने भरली. राऊटर वरून खाली वाचतो. एक नियम जुळला की पुढचं बघत नाही. लोक नियमांना १०, २०, ३० असे आकडे देतात. मी दिले ११, २१, ५१, १०१. आहेराच्या पाकिटात कोणी नुसते शंभर घालतं का? अमरावतीची लाइन सांभाळणारे सलीमभाई फोनवर हसले, "ताई, राऊटरचं लगन लावून राहिली का?" ११ वर आमचं अकोला, २१ वर अमरावती, चांदूर रेल्वे ५१ वर, बाकी तालुके १०१ वर.
ऑफिसच्या साहेबांच्या रजिस्टरात, ज्याची प्रत अमरावतीलाही असते, मात्र सरळ १०, २०, ३०, ४०. नंतर जुळवते.

७ सप्टें.
कपाशीवर फवारणीचे दिवस. चांदूरला डॉक्टर मॅडम एकट्या. विषबाधेचा पेशंट आला की ईसीजी आणि बाटलीच्या लेबलचा फोटो इकडे पाठवतात, आमचे डॉक्टर डोस कळवतात. आठवड्यात तिघे आले, तिघेही वाचले. तिथला फोन महिनाभर बंद, मोबाइलला रेंज नाही. ही लाइन तेवढी आहे.

११ सप्टें.
उद्या-परवा शेंदूरजनाघाट, मावसबहिणीचं डोहाळजेवण. राऊटर सलीमभाईंच्या हवाली. रजिस्टर जुळवायचं राहिलंच.

१४ सप्टें.
कामावर. तालुक्यांच्या मशिनींत व्हायरस शिरला म्हणून सलीमभाईंनी परवा चांदूर सोडून बाकी दवाखाने बंद केले. "तुमचं रजिस्टर पाहूनच टाकलं, ताई. चांदूरच्या खाली."
जेवताना आमचे डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस चांदूर शांत आहे. बरं आहे."
मला बरं वाटलं नाही. भर फवारणीत शांत?

दुपारी ३
यादी उघडली. रजिस्टरात चांदूर ३० वर, म्हणून सलीमभाईंनी बंदीला ३५ दिला. राऊटरात चांदूर ५१ वर. बंदी आधी लागली, चांदूर त्यातच अडकलं. अडवलेल्यांची नोंद पाहिली: बाकी तालुक्यांच्या जोडीला परवा, काल, चांदूरची मशीन. काल दुपारी तर मिनिटा-मिनिटाला.
बंदी उचलून ६१ वर टाकली.
सलीमभाईंना फोन लावून सांगितलं. "आकडे बदलले ते लिवलं काहून नाही?"
काय सांगू? आळस. आणि तो भिकार विनोद.

१५ सप्टें., सकाळ
झोप नाही. लाइन कालपासून उघडी, इथून तपासली, मशीन चालू आहे. मॅडमना तीन निरोप पाठवले, उत्तर नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
पहिल्या गाडीने चांदूरला निघाले आहे. सलीमभाई बडनेऱ्याला चढतील. निघताना पुन्हा यादी पाहिली. नियम किती वेळा जुळला ते त्याच्यासमोर दिसतं: माझी तपासणी सोडली तर ५१ समोर कालपासून शून्य. दार सताड उघडं आहे आणि तिकडून आता कोणी काही पाठवत नाही.