दोन्ही पाय हायत, बा

बा, परवा मी कंधारहून इथं रेणापूरकडं तुझ्या धाकटीच्या गावाला आले, ते एसटीनं नव्हे. नातीच्या मोटारसायकलवर, मागं बसून, तेही दोन्हीकडं पाय टाकून. तू असतास तर आधी डोळे वटारले असतेस आणि मग हळूच म्हणाला असतास, बसून दाखव बरं. धाकटीच्या खाटेजवळ बसून हे लिहितेय. अक्षर तुला ठाऊकच आहे, तिसरीतून काढलेल्या पोरीचं. तरी एवढा आनंद पोटात मावेना म्हणून लिहितेच.

आता नात म्हणजे माझ्या लेकाची पोरगी. तू तिला पाहिलं नाहीस. गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करते, वाड्या-वस्त्यांवर जाऊन शेळ्या-म्हशींना सुया देते. म्हशीही तिचं ऐकतात, बाप मात्र ऐकत नाही. तिच्या गाडीच्या दोन्ही अंगांना दोन मोठ्या पिशव्या, त्यांत औषधाच्या काचेच्या बाटल्या. गाडी आडवी झाली तर बाटल्या फुटू नयेत म्हणून पिशव्यांच्या बाहेरून तिनं लोखंडी नळीचं कडं बसवून आणलं. ते अंगणात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात सूप होतं, ते तसंच धरून मी उभी राहिले. ती म्हणाली, "आज्जी, काय बघून राहिलीस?" मी म्हटलं, "हे तर माझ्या बाचं कडं हाय गं!"

तुझी सायकल आठवली. दोन्हीकडं विकायच्या बांगड्यांच्या पेट्या, मधे कॅरिअरवर मी. ओढ्याच्या उतारावर सायकल घसरली आणि एक अख्खी पेटी गेली, त्या दिवशी तू काठावर बसून होतास. तरी एक बांगडी 'फुटली' म्हणाला नाहीस. बांगडी फुटत नाही, वाढते, हे तू दुःखातही विसरला नाहीस. मग लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची दोन कडी करून आणलीस, पेट्यांच्या बाहेरून लावलीस. बांगड्या वाचल्या, पण माझ्या पायांना जागा राहिली नाही. कड्याच्या आत घालावेत तर चाक, बाहेर सोडावेत तर पेटी आणि कडं मिळून मांड्या फाकतात. एके दिवशी टाच चाकाच्या आऱ्यांत गेलीच. तू रक्त बघून घाबरलास आणि घाबरलास म्हणून माझ्यावरच ओरडलास, "पाय सांभाळता येत न्हाईत तर बसतीस कशाला!" मी रडले नाही, उद्या नेणार नाहीस या भीतीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर कड्याला दोन्हीकडं आतून एकेक लोखंडी पट्टी, वर ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. माझे पाय ठेवायला. अख्ख्या गावात अशी गादी कुणाच्या पायांना नव्हती. तुला ओझ्यामुळं मागं वळता यायचं नाही, म्हणून तू पुढं बघतच विचारायचास, "पाय हायत का गं?" आणि मी ओरडायची, "हाव बा, दोन्ही हायत!"

तर सांगत काय होते. धाकटी अंथरुणाला लागली. फोनवर म्हणाली, "अक्का, येऊन जा एकदा." एवढंच म्हणाली. एसटी म्हणजे गाड्या बदलायच्या, आणि तिची पायरी माझ्या गुडघ्याला आता डोंगर. लेक म्हणाला, "माय, दिवाळीत जीप करतो."

"दिवाळीपर्यंत थांब म्हणून तूच सांग तुझ्या मावशीला," मी म्हटलं. "मी हिच्या गाडीवर चालले."

"या वयात? लोक हसतील."

"हसू दे. हसणाऱ्याच्या बापाची गाडी हाय का?"

पण अडचण लोकांची नव्हतीच, पायांची होती. बायामाणसं डावीकडं पाय सोडून बसतात आणि तिथंच तर आता पिशवी आणि कडं. फिटरच्या दुकानात गेलो, तर त्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, एक तर डावं कडं काढा, न्हाई तर आज्जीला काढा."

नात म्हणाली, "कडं काढलं तर बाटल्या जातील."

"म्हणजे आज्जी गेलेली चालती व्हय गं?" मी म्हटलं. दुकानातले सगळे हसले. मग मी म्हटलं, "मी नऊवारी नेसते. काष्टा काय वाऱ्यावर उडवायला मारलाय? मला स्टूल दे." आणि स्टुलावर चढून टांग टाकली, बा! रस्त्यावरचा एक म्हातारा चहाचा कप धरून बघतच राहिला. मी म्हटलं, "काय दादा, तुम्हाला पण सोडू का कुठं?" तर तोंड फिरवून चहा पिऊ लागला.

बसले खरी, पण पाय ठेवायची दांडी मक्याच्या कणसाएवढी, आणि एवढी मागं की टाच कड्यावर आपटायची. मी फिटरला तुझी पट्टी सांगितली. रुंद पाहिजे, पुढं पाहिजे, वर रबर पाहिजे, आणि गुडघा वाकत नाही तर चांगली खाली पाहिजे. तो म्हणाला, "लई खाली घेतली तर वळणावर रस्त्याला घासंल, आज्जी." मी म्हटलं, "मग घासणार न्हाई एवढी खाली घे." तेवढी घेतली त्यानं.

निघालो. अहमदपूर मागं पडलं. रस्त्याकडेनं सोयाबीन हललं की मला वाटे, मलाच हात करतंय. नात वरचेवर विचारी, "बरी हायस ना?" धाकटीचं गाव दिसू लागलं आणि वळणावर मुरूम पसरलेला, त्यातच शेळ्या आडव्या आल्या. नातीनं ब्रेक दाबला, गाडी डावीकडं कलली ती कललीच. आडवे झालो. पण कडं जमिनीला टेकलं आणि गाडी त्याच्यावर अडली. माझा पाय खाली पोकळीत, पाळण्यात ठेवल्यासारखा. पोरगी पांढरी पडली. उठली आणि ओरडली, "आज्जी, पाय हायत का?"

बा, तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"हाव गं," मी म्हटलं, "दोन्ही हायत." मुरुमातच बसून मी हसत होते. कोपर खरचटलं होतं, बाटली एकही वाढली नव्हती. ती म्हणाली, "आता इथून चालत जाऊ, मी गाडी ढकलते." मी म्हटलं, "गाडीवर निघाले, गाडीवरच पोचणार. तो मैलाचा दगड दिसतोय, तिथं लाव, मला चढू दे."

धाकटीनं खाटेवरून गाडीचा आवाज ऐकला. मला उतरताना तिनं दारातून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी, तिची सून सांगत होती, ती मोठ्यानं हसली. म्हणाली, "अक्का, टांग टाकून आलीस? बानं बघितलं असतं तर!" मग माझा खरचटलेला हात धरून राहिली, अजून मधूनमधून धरते.

उद्या परत निघायचं. डाव्या पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटतात, नात कागद शोधतेय. तू बांगड्यांच्या मधे जुने कागद घालायचास ना, तसा हा लिहिलेला कागदच घालायला देते तिला. एवढं सांगून देते. बा, तुझी ती पट्टी मला एकाच वर्षात आखूड झाली होती. पाय बधीर व्हायचे, उतरल्यावर मुंग्या यायच्या. तरी तू विचारलंस की मी हावच म्हणायची. सांगितलं असतं, तर मोठी झालीस आता, घरी राहा, म्हणाला असतास.