टिटवीजवळचं फडकं

१४ मार्च, रविवार, जेवणं उरकल्यावर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट. तुझ्या भावजींचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्याहून जास्त ते कुरकुरतात. लाँड्रीत नवं मशीन आलंय. इस्पितळाच्या चादरी ढिगानं गिळतं, आणि मुकादम त्याच्यापुढं असा उभा राहतो जसं काही त्यानंच ते जन्माला घातलंय. तू कशी आहेस ते विचारत नाही. मला ठाऊक आहे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी ओरडते, तू गप्प बसतेस, आणि दोघींना वाटतं बोलणं झालं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षर लावून वाच.

परवा पोस्टातल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या रविवारच्या पाखरं बघायच्या फेरीत मास्तरांनी तुला पुढं ठेवायचं बंद केलंय. आता मास्तर स्वतःच सगळ्यांना नदीकाठानं नेतात आणि तू येतच नाहीस. दुर्बीण पण परत करून आलीस म्हणे. मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार. घरी आले आणि भाजीत दोनदा मीठ घातलं.

तू वर्षभर मला बोलवत होतीस. मी म्हणायचे, आठवडाभर उभी असते, सुट्टीच्या दिवशी आणखी पाय तुडवायला मला वेड लागलंय का. शेवटी आले, तर निघताना तू सगळ्यांना गोळा करून काहीतरी समजावून सांगत होतीस आणि मी बुटांवरून बाईंचं डोकं खात होते. ऐकलं नाही. सगळी चूक तिथूनच.

मग तुमचं ते चालणं. चालणं कसलं, थांबणंच जास्त. नखाएवढं निळं फूल दिसलं की पंधरा माणसं गुडघ्यावर. खंड्या दिसला की सगळे मुके. तू मात्र अशी बोलत होतीस की मी बघतच राहिले. आपल्या घरात तुझं कुणी कधी पुरतं ऐकून घेतलं नाही, आणि इथं म्हातारे मास्तर तुला विचारून वहीत लिहून घेत होते. मला बरं वाटलं. थोडं टोचलंही. ते पण लिहिते, आता काय लपवायचं.

मला धीर निघेना. मी पुढं सटकले. वळणापलीकडं गोटे पसरलेत ना, तिथं एका काठीला चिंधी बांधलेली दिसली. कडेला निळी रेघ. आमच्याच लाँड्रीची चादर, फाटकी निघाली म्हणून मीच तुला दिलेली. चिखलानं माखली होती. तीस वर्षं मळकं कापड दिसलं की माझा हात आपोआप पुढं जातो. काठी उपटली, फडकं सोडून खिशात घातलं, काठी दिली पाण्यात भिरकावून. डोक्यावर टिटवी बोंबलत घिरट्या घालत होती. मी बाईंना हाक मारली, इकडून या, इकडं कोरडं आहे. आणि म्हटलं, काय कटकट्या पाखरू आहे.

बाई आल्या. पुढचं तू पाहिलंस. गोट्यांसारखीच गोट्यांत ठेवलेली चार अंडी, बाईंच्या बुटाखालून त्यातलं एकच वाचलं. बाई तिथंच बसून रडल्या.

मास्तर तुला म्हणाले, आदल्या दिवशी घरट्यापाशी खूण करायचं काम तुझं होतं. तू म्हणालीस, "मी रोवली होती काठी, मास्तर. सकाळी येऊनसुद्धा बघून गेले." तेव्हा माझा हात खिशात होता, फडक्यावर. ओलं लागत होतं. मला तेव्हाच सगळं कळलं होतं, धाकटे. कळलं नव्हतं असं समजू नकोस.

नुसती गप्प राहिले असते तर हे पत्र दोन ओळींत झालं असतं. पण मी तोंड उघडलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "ही लहानपणापासून अशीच. दहा कामं सांगा, नऊ विसरेल." लोक थोडे हसले. मास्तरांनी मान हलवली. तू माझ्याकडं बघितलंस, आणि मला वाटतं त्या क्षणी तुझा स्वतःवरचा विश्वास उडाला. रोवली होती की नव्हती, तुलाच शंका आली. परतीच्या वाटेवर तू मला विचारलंस, "ताई, खरंच मी विसरले असेन का गं?" आणि मी म्हटलं, असेल.

हे लिहायला दोन पानं लागली. तोंडानं म्हणायला एक क्षण लागला होता.

फडकं सोबत पाठवतेय. धुतलं नाही. दोनदा टपात टाकलं आणि दोनदा कोरडंच बाहेर काढलं. चिखल आहे तसा आहे, तुझी गाठ होती तिथं पीळ पण आहे. मास्तरांना हवं तर दाखव, पण त्याची गरज पडू नये. येत्या रविवारी तुमचं चालणं आहे. तू ये न ये, मी जाणार. निघताना सगळे गोळा होतात तेव्हाच सांगणार, मास्तरांना बाजूला घेऊन नाही. हसले होते ना, त्यांच्यासमोरच.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. फक्त ती दुर्बीण परत घे. आणि स्वतःला विचारत बसू नकोस. तू रोवली होतीस.

तुझी,
लहानपणापासून अशीच असलेली
ताई